लो फॅट डाएटमध्ये चीज बसतं का? क्यूब, लाइट स्लाइस, पनीर, पार्मेजान, सगळ्यांचा रिव्ह्यू

निकाल आधी सांगते. वजन कमी करायचंय, डाएट लो फॅट आहे आणि चीज सुटत नाहीये, तर दुकानातला साधा प्रोसेस्ड चीज क्यूब आणा, प्रोटीनसाठी लो फॅट पनीर आणा आणि "लाइट" लिहिलेल्या स्लाइस तिथेच ठेवून या. आता हे का ते सविस्तर लिहिते, कारण डाएट सुरू केलं की प्रत्येक जण सगळ्यात आधी चीज बंद करा म्हणतो आणि कशामुळे ते कोणीच आकडे मांडून सांगत नाही.

मी आणि नवरा दोघंही सध्या वजन कमी करतोय. डाएटिशियनने मला दिवसाला १५०० कॅलरी आणि त्यात ४० ग्रॅमच्या आसपास फॅट सांगितलंय. एक ग्रॅम फॅट म्हणजे ९ कॅलरी, म्हणजे ४० ग्रॅमचे ३६०, एकूण कॅलरीच्या पाव हिश्शापेक्षा थोडं कमीच. ऐकायला ४० ग्रॅम भरपूर वाटतं पण आपल्या स्वयंपाकात ते कुठे जातं ते बघा. दिवसभरातल्या फोडण्या, भाजी, आमटी मिळून माणशी चार छोटे चमचे तेल धरलं तर १८ ग्रॅम तिथेच संपले. पोळ्या, भाकरी, डाळी, भाज्या यांचं स्वतःचं फॅट सहा ते आठ ग्रॅम. शेंगदाण्याचं कूट हा आपल्याकडचा मोठा खर्च आहे आणि तो कोणी मोजत नाही, दाण्यात जवळपास निम्मं फॅट असतं, म्हणजे कोशिंबिरीत आणि भाजीत मिळून १० ग्रॅम कूट पोटात गेलं तर ५ ग्रॅम फॅट गेलं. राहिलं दूध.

आणि खरा खेळ दुधात आहे. पिशवीवर जे लिहिलेलं असतं ते नुसतं नाव नाही, त्यामागे कायद्याने ठरलेला आकडा आहे. फुल क्रीममध्ये ६ टक्के फॅट, टोन्डमध्ये ३, डबल टोन्डमध्ये दीड. अमूलचं गोल्ड घेत असाल तर ते ६ टक्केवालं, ताजा ३ टक्केवालं. आता दोन वेळचा चहा आणि वाटीभर दही असं माणशी ३०० मिली दूध धरा. फुल क्रीमचं झालं १८ ग्रॅम फॅट, डबल टोन्डचं झालं साडेचार. साडेतेरा ग्रॅम वाचले. एका चीज क्यूबमध्ये साधारण सव्वासहा ते साडेसहा ग्रॅम फॅट असतं, म्हणजे नुसती दुधाची पिशवी बदलली तर दोन क्यूबची जागा मोकळी होते. चीज बंद करा म्हणणारे लोक घरी फुल क्रीमचा चहा पीत असतात, त्यांना हा हिशोब मी आवर्जून सांगते.

आता एकेक वस्तू घेते.

चीज क्यूब. आमच्याकडे अमूलचा २०० ग्रॅमचा पॅक येतो, ८ क्यूबचा, म्हणजे एक क्यूब २५ ग्रॅम. १०० ग्रॅमला कॅलरी ३१० च्या आसपास, फॅट २५-२६ ग्रॅम, प्रोटीन २० ग्रॅम. चारने भागा, एका क्यूबला ७८ कॅलरी, सव्वासहा-साडेसहा ग्रॅम फॅट, ५ ग्रॅम प्रोटीन. एक मध्यम अंडं घेतलं तर त्यात ७०-७५ कॅलरी, ५ ग्रॅम फॅट आणि ६ ग्रॅम प्रोटीन असतं. म्हणजे क्यूब आणि अंडं जवळजवळ एका पंगतीत बसतात, तरी अंड्याला सगळे पौष्टिक म्हणतात आणि चीजचं नाव काढलं की कपाळाला आठ्या. फरक आहे तो सॅच्युरेटेड फॅटचा, म्हणजे कोलेस्टेरॉल वाढवणाऱ्या फॅटचा. दुधाच्या फॅटपैकी साधारण दोन तृतीयांश सॅच्युरेटेड असतं, म्हणजे एका क्यूबमध्ये ४ ग्रॅम धरा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सॅच्युरेटेड फॅट एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, १५०० कॅलरीवाल्या माणसाला ते होतात साडेसोळा ग्रॅम. तर एक क्यूब म्हणजे त्याचा पाव हिस्सा. रोज एक चालतो, त्याच दिवशी तूप, बटर, साय पण आली तर मग नाही चालत. आमच्याकडे ज्या दिवशी अंडी असतात त्या दिवशी क्यूब नाही, इतका साधा नियम केलाय.

कॅल्शियमचं पण सांगून ठेवते कारण वजन कमी करणाऱ्या बायका दूध, दही, चीज सगळं एकदम बंद करतात. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. एका क्यूबमधून त्यातलं सव्वाशे-दीडशे तरी मिळतं. एवढ्याशा तुकड्यातून ते मिळणं ही चांगलीच गोष्ट आहे.

क्यूबची सगळ्यात मोठी सोय म्हणजे माप आधीच ठरलेलं आहे. ब्लॉक आणला की सुरी किती आत घातली त्यावर सगळं, आज २० ग्रॅम उद्या ४०. प्रत्येक क्यूबला चंदेरी कागद गुंडाळलेला असतो, एकच उघडायचा आणि बाकीचे फ्रिजमध्ये. ज्यांच्या घरी डिजिटल वजनकाटा नाही त्यांनी ब्लॉक आणूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पण क्यूब तसाच तोंडात टाकलात तर दोन घासात संपतो आणि मन भरत नाही. तो किसायचा. आणि किसणीच्या बारीक बाजूने किसायचा, जिच्यावर आपण आलं किसतो ती. चीज मऊ असेल तर किसणीला लगदा होऊन चिकटतं म्हणून आधी दहा-पंधरा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा, मग छान भुरभुरीत पडतं. अर्धा क्यूब असा किसला तर दोघांच्या धिरड्यांवर पसरतो. दुसरी गोष्ट, चीज पदार्थाच्या आत घालू नका. भाजीच्या रश्श्यात, सूपमध्ये, पराठ्याच्या सारणात गेलं की त्याची चव हरवते आणि मग अजून घाल, अजून घाल होतं. गॅस बंद करून, पदार्थ ताटात आला की वरून भुरभुरवायचं, तिथे ते नुसतं मऊ होतं, पहिल्या घासाला जिभेला तेच लागतं. मुगाच्या धिरड्यावर, भाजलेल्या फ्लॉवरवर, उकडलेल्या मक्याच्या दाण्यांवर तिखट-लिंबू मारून, सगळीकडे हे जमतं. थालीपिठावर मला स्वतःला आवडत नाही, थालीपिठाची भाजणीची चव चीजखाली दबते, तिथे दहीच बरं. ज्वारीच्या भाकरीवर मात्र जबरदस्त लागतं, गरम भाकरी, वर किसलेलं चीज, हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि सोबत कांदा फोडून. ठेच्यात तेल किती ओतताय तेवढं बघा.

लाइट स्लाइस. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण पैसे इथेच वाया जातात. आपल्या अन्न सुरक्षा नियमांप्रमाणे एखाद्या घन पदार्थावर "लो फॅट" लिहायचं असेल तर १०० ग्रॅममध्ये ३ ग्रॅमपेक्षा जास्त फॅट चालत नाही. तीन! दुकानात मिळणारं जवळजवळ कुठलंच वितळणारं चीज त्यात बसत नाही. म्हणून मग पाकिटावर लाइट, कमी केलेलं फॅट, असे शब्द येतात, म्हणजे त्याच जातीच्या नेहमीच्या मालापेक्षा कमी. किती कमी, ते मागे बारीक अक्षरात शोधायचं. समजा २५ टक्के कमी आहे. साध्या २० ग्रॅमच्या स्लाइसमध्ये ५ ग्रॅम फॅट असतं, त्याचे २५ टक्के म्हणजे सव्वा ग्रॅम. वाचल्या ११ कॅलरी. पाव चमचा तेलापेक्षा थोडं जास्त, बस्स. त्यासाठी किंमत जास्त, चव कमी, आणि चव कमी असल्यामुळे एकाच्या जागी दोन लावल्या जातात आणि सगळा हिशोब उलटा.

वितळण्याचा प्रश्न तर वेगळाच. चीजमध्ये प्रोटीनचं जाळं असतं आणि फॅटचे थेंब त्या जाळ्याच्या मधे मधे बसलेले असतात, त्यांच्यामुळे ते मऊ राहतं आणि तापलं की वाहतं. फॅट काढलं की जाळं घट्ट होतं, मग तापवल्यावर ते वितळायच्या ऐवजी रबरासारखं होतं आणि जास्त तापलं तर वरून कातडं धरतं. मी एका कंपनीच्या लाइट स्लाइस आणल्या होत्या, टोस्टवर ठेवून तव्यावर झाकण घातलं तर कडा सुकल्या आणि मधला भाग तसाच चौकोनी राहिला, मुलीने सोलून बाजूला काढली. गार सँडविचमध्ये, काकडी-टोमॅटोबरोबर, ठीक लागते. पण गार सँडविचसाठी मग साधी स्लाइस अर्धी करून घाला की, अडीच ग्रॅम फॅटमध्ये काम होतं, लाइटच्या अख्ख्या स्लाइसपेक्षा कमीच.

साध्या स्लाइसबद्दल मात्र माझी काही तक्रार नाही. डब्यासाठी उत्तम, वजन ठरलेलं, ६० च्या आसपास कॅलरी. ऑफिसला जाणाऱ्यांना क्यूब किसत बसायला वेळ नसतो त्यांनी स्लाइस घ्यावी.

आता लो फॅट पनीर, आणि इथे नियमांनी खरंच आपल्या बाजूने काम केलंय. साध्या पनीरमध्ये पाणी जास्तीत जास्त ६० टक्के आणि उरलेल्या कोरड्या भागात किमान ५० टक्के फॅट असावं लागतं. म्हणजे १०० ग्रॅम पनीरमध्ये कोरडा भाग ४० ग्रॅम, त्यात निदान २० ग्रॅम फॅट. लोक पनीर म्हणजे डाएट फूड समजून २०० ग्रॅम टिक्का खातात, ४० ग्रॅम फॅट एका बैठकीत, अख्ख्या दिवसाचं. पनीरला मात्र वेगळा नियम आहे, लो फॅट पनीर म्हणून विकायचं असेल तर कोरड्या भागात फॅट १५ टक्क्यांच्या वर जाऊन चालत नाही आणि पाणी ७० टक्क्यांपर्यंत चालतं. ७० टक्के पाणीवाल्या पनीरमध्ये हिशोब केला तर १०० ग्रॅमला जेमतेम साडेचार ग्रॅम फॅट येतं. वीस कुठे आणि साडेचार कुठे, हा फरक खरा फरक आहे, लाइट स्लाइससारखा सव्वा ग्रॅमचा नाही. आणि प्रोटीन कमी होत नाही, उलट १०० ग्रॅमला थोडं जास्तच मिळतं.

पण पाकिटावर "लो फॅट पनीर" हेच शब्द आहेत का ते बघा. "हाय प्रोटीन" वेगळं, "फ्रेश" वेगळं, "मलई" तर नकोच. हाय प्रोटीनवाल्यात प्रोटीन जास्त असतं पण फॅट कमी असेलच असं नाही, मागचा तक्ता वाचल्याशिवाय टोपलीत टाकू नका.

खोट एकच, लो फॅट पनीर चिवट होतं. तळू नका, तव्यावर जास्त परतू नका. भाजी पूर्ण झाली की शेवटच्या दोन मिनिटांत घाला. किंवा मीठ घातलेल्या कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवून मग वापरा. मला सगळ्यात आवडतं ते भुर्जीत, कारण कुस्करल्यावर चिवटपणा कळतच नाही. एक चमचा तेल, कांदा, टोमॅटो, भोपळी मिरची, हळद, १०० ग्रॅम लो फॅट पनीर, आणि ताटात वाढल्यावर वरून अर्धा क्यूब किसून. हे खाल्लं की पनीर भुर्जी आणि चीज दोन्ही खाल्ल्याचं समाधान, आणि फॅट तेल धरून १२-१३ ग्रॅमच्या आत.

घरी करायचं असेल तर दूध कुठलं घेताय त्यावर सगळं. एक लिटर डबल टोन्डमध्ये १५ ग्रॅम फॅट, त्याचं पनीर निघतं साधारण १३०-१५० ग्रॅम, आणि बहुतेक फॅट पनीरमध्येच राहतं, म्हणजे १०० ग्रॅमला १० ग्रॅमच्या आसपास. दुकानातल्या साध्या पनीरच्या निम्मं, वाईट नाही, पण लो फॅट म्हणता येणार नाही. त्याहून कमी पाहिजे तर स्किम्ड, म्हणजे फॅट काढून टाकलेल्या दुधाचं करावं लागतं. त्यात दूध उकळलं की गॅस बंद करून दोन मिनिटं थांबायचं, मग लिंबाचा रस पाण्यात मिसळून हळूहळू घालायचा, आणि फडक्यावर फार वजन ठेवायचं नाही, नाहीतर दगड होतो. खाली जे पाणी निघतं ते फेकू नका, कणीक मळायला घ्या, पोळ्या मऊ होतात.

चक्का हा चीज नाही हे मला माहीत आहे, पण क्रीम चीजच्या जागी मला तोच लागतो म्हणून इथे लिहिते. क्रीम चीजमध्ये १०० ग्रॅमला ३४ ग्रॅमच्या आसपास फॅट असतं आणि प्रोटीन अगदीच थोडं, लो फॅट डाएटमध्ये त्याला जागा नाही. त्याच्याऐवजी डबल टोन्ड किंवा स्किम्ड दुधाचं दही रात्रभर फडक्यात टांगायचं, सकाळी चक्का फेटून त्यात मीठ, मिरपूड, ठेचलेली लसूण आणि ३-४ चमचे चक्क्याला १० ग्रॅम किसलेलं चीज. ब्रेडला लावा, काकडीबरोबर खा, उकडलेल्या बटाट्यावर घाला. पाहुण्यांना दिलं तर दुकानातला डिप आहे का विचारतात. चीज त्यात फक्त वासाला आहे पण तेवढ्याने भागतं.

पार्मेजान. महाग आहे, पण माझ्या मते लो फॅटवाल्यांसाठीच बनलेलं चीज आहे हे, आणि याचं कारण फॅट कमी असणं नाही. फॅट १०० ग्रॅमला २८-२९ ग्रॅम आहे, प्रोसेस्डपेक्षा जास्तच. कारण आहे चव. इटलीतलं मूळचं पार्मिजानो रेज्जानो किमान १२ महिने पिकवतात, त्या काळात प्रोटीन तुटून ग्लुटामेट नावाचा चव वाढवणारा घटक मोकळा होतो, आणि म्हणून एक छोटा चमचा, ५ ग्रॅम, अख्ख्या पदार्थाला चव देतो. त्या ५ ग्रॅममध्ये कॅलरी २० आणि फॅट दीड ग्रॅम. एवढ्या कमी फॅटमध्ये एवढी चव देणारं दुसरं चीज मी तरी खाल्लेलं नाही. पास्ता आम्ही फार करत नाही, मी ते टोमॅटोच्या सूपवर, फरसबीवर, आणि एकदा मुगाच्या खिचडीवर घातलं होतं, खिचडीवर तर सासूबाईंनीही दुसऱ्यांदा मागून घेतलं. वर तुपाची धार नव्हती हे त्यांना जाणवलंही नाही. शाकाहारी असाल तर एक नक्की बघा, मूळच्या पार्मिजानोत दूध घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट हे एन्झाइम वापरतात. सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट वापरून त्याच धर्तीवर केलेलं चीज पण मिळतं, हिरवा ठिपका बघूनच घ्या. आणि डबीत येणारी पावडर घेऊ नका, तुकडा घ्या, पावडरला वास राहत नाही आणि मग आपण चमच्यामागून चमचा घालत बसतो.

मोझरेला. पिझ्झा सोडून लो फॅटमध्ये त्याचं काम नाही. फॅट प्रोसेस्डपेक्षा थोडं कमी असतं हे खरं, पण चव इतकी सौम्य की कमी घातलं तर आहे की नाही कळत नाही, ते ताणलं जाण्यासाठीच खायचं असतं आणि ताणलं जायला भरपूर लागतं. घरचा पिझ्झा करायचाच झाला तर ३० ग्रॅम मोझरेला आणि वरून ५ ग्रॅम पार्मेजान अशी जोडी लावा, नुसत्या ६० ग्रॅम मोझरेलापेक्षा चव चांगली आणि फॅट पुष्कळ कमी.

फेटा चीज सॅलडमध्ये छान, खारट आहे म्हणून थोडा पुरतो, पण फॅट १०० ग्रॅमला २१ ग्रॅम आहे, पांढरं दिसतं म्हणून पनीरसारखं वाडगाभर खाऊ नये. चीज स्प्रेड आमच्याकडे बंद. त्यात पाणी जास्त म्हणून फॅटचा आकडा कमी दिसतो, पण सुरीने ब्रेडला फासताना किती गेलं कोण बघतंय, आणि एका ब्रेडवर ३० ग्रॅम आरामात बसतं.

गोवर्धन आणि गो या नावांनी येणारं चीज आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या मंचरला होतं, पराग मिल्क फूड्सचं. आमच्या इथे अमूल आणि पराग दोन्ही कंपन्यांचे क्यूब मिळतात, चवीत मला थोडा फरक वाटतो पण फॅटच्या हिशोबात काही फार इकडेतिकडे होत नाही, कारण प्रोसेस्ड चीजमध्ये कोरड्या भागाच्या किमान ४० टक्के दुधाचं फॅट असावंच लागतं. तेव्हा जे ताजं मिळेल ते घ्या, तारीख बघा.

मात्र "चीजी" नावाने जे काही मिळतं त्यापासून लांब राहा. चीजी डिप, चीजी सॉस, चीजी मेयो. घटकांच्या यादीत जो पदार्थ वजनाने सगळ्यात जास्त तो पहिला लिहायचा असतो, आणि यातल्या पुष्कळ बाटल्यांवर पहिला किंवा दुसरा शब्द खाद्यतेल असतो, चीज कुठेतरी शेवटी, कधी कधी नुसता फ्लेवर. तेल खाल्ल्याची कॅलरी लागते आणि चीजचं प्रोटीन, कॅल्शियम काही मिळत नाही. हे मला मनापासून खटकतं, कारण लहान मुलांच्या डब्यात हेच जातं.

बाहेरच्या खाण्याचं विचाराल तर सँडविच. मुंबई-पुण्यात राहून टोस्ट सँडविच सोडा असं मी कोणाला सांगणार नाही. पण त्यात चीजपेक्षा बटर जास्त नडतं. बटरमध्ये ८० टक्के फॅट असतं. सँडविचवाला दोन्ही ब्रेडना आतून लावतो, मग टोस्टरवर ठेवताना बाहेरून, आणि भाजून झाल्यावर वरून परत एकदा फिरवतो. हे सगळं मिळून २० ग्रॅम बटर धरलं तर १६ ग्रॅम फॅट झालं, अडीच क्यूबच्या बरोबरीचं. म्हणून मी सांगते, दादा, बटर अजिबात नको, हिरवी चटणी दोन्हीकडे लावा, चीज एकच क्यूब किसा आणि तो आत घालू नका, वरून घाला. आमच्या नाक्यावरचे दादा आता न सांगता तसंच करतात. चीज डोसा, चीज पावभाजी यांच्या बाबतीत मात्र असं सांगून काही उपयोग होत नाही, तव्यावर आधीच बटर असतं.

शेवटचा मुद्दा मिठाचा, आणि बीपीवाल्यांनी हा नीट वाचा. प्रोसेस्ड चीज वितळताना तेल सुटू नये म्हणून त्यात सोडियमचे सायट्रेट, फॉस्फेट असे क्षार घालतात, वर मीठ असतंच. १०० ग्रॅमला हजार मिलिग्रॅमच्या वर सोडियम असणं प्रोसेस्ड चीजमध्ये अगदी नेहमीचं आहे, म्हणजे एका क्यूबला अडीचशेच्या वरच. दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅम मीठ. नवऱ्याला बीपीची गोळी चालू आहे, म्हणून ज्या पदार्थावर चीज पडणार त्यात मी मीठ निम्मंच घालते, त्या जेवणात लोणचं आणि पापड नाही. त्याला क्यूब एक दिवसाआड, मधल्या दिवशी बिनमिठाचं घरचं पनीर, कोथिंबीर-मिरची वाटून लावलेलं.